मोकळ्या मांजराचा खोटा कैवार

पाळीव मांजराला घराबाहेर हिंडू द्यावे की घरातच ठेवावे, यावर जयपुरात फारसा वाद होत नाही, कारण बहुतेकांच्या लेखी तो प्रश्नच नसतो. मांजर पहाटे गच्चीवरून निघून जाते, दुपारी कुठल्याशा मोटारीखाली झोपते, रात्री दुधाच्या वेळेला परत येते, आणि ज्या घरात परत येते त्या घराचे ते असते, एवढीच त्याच्या पाळीवपणाची व्याख्या. मात्र एखाद्याने गॅलरीला जाळी बसवून मांजराला आतच वाढवले, की शेजारी, नातेवाईक आणि स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवणारी मंडळी एकदम कनवाळू होतात. मुक्या जिवाला कोंडून ठेवल्याचे पाप लागेल असे कोणी बजावतो, मांजराने निसर्गात राहावे असे कोणी समजावतो, आणि ज्याच्या स्वतःच्या घरची तीन मांजरे गेल्या काही वर्षांत ‘कुठेतरी निघून गेली’ आहेत, तोच सर्वांत मोठ्या आवाजात स्वातंत्र्याची महती सांगतो.

या मताचे म्हणणे थोडक्यात असे: मांजर हा जन्मजात शिकारी आणि भटका प्राणी असल्याने त्याला चार भिंतींत ठेवणे हा तुरुंगवास आहे, ते इतके चलाख असते की स्वतःची काळजी स्वतः घेते, वाडवडिलांच्या हवेल्यांत मांजरे कायम मोकळीच असत आणि तेव्हा कोणाचे काही बिघडले नाही, ती उंदीर मारून वस्तीवर उपकार करतात, एखाददुसरा पक्षी मारलाच तर तो सृष्टीचा नियम आहे, आणि इंग्रजांसारखे प्राण्यांवर जीव टाकणारे लोकसुद्धा आपली मांजरे बाहेर सोडतात. ऐकायला हे सगळे उदार वाटते. मात्र यातले एकही विधान मांजराच्या बाजूने तपासलेले नसते, आणि प्रत्येक विधानाच्या शेवटी मालकाच्या डोक्यावरचे एक काम कमी झालेले असते, हा योगायोग म्हणावा काय?

निसर्गाचा मुद्दा आधी घ्यावा, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आधाराने उभे आहेत. घरगुती मांजर पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून उतरले, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले, आणि सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला आहे. म्हणजे धान्याच्या कोठारापाशी येऊन माणसाच्या आश्रयाला लागलेला हा प्राणी राजस्थानच्या रानाचा मूळ रहिवासी नव्हे. या रानात त्याचे एक भावंड आधीपासून राहते. अंगावर काळसर ठिपके असलेले फिकट, वाळूच्या रंगाचे वाळवंटी मांजर राजस्थान-गुजरातच्या कोरड्या झुडपी प्रदेशांत सापडते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळणाऱ्या प्राण्यांच्या यादीत, त्याची नोंद आहे. अधिवास आक्रसण्याबरोबरच त्याला असलेला एक धोका म्हणजे मोकाट हिंडणाऱ्या घरगुती मांजरांशी होणारा संकर, अर्थात दोन वेगळ्या वंशांच्या मीलनातून मिश्र संतती निपजणे. अशाने मूळ वंश एकही बंदूक न झाडता पिढ्यापिढ्यांत विरघळून जातो. निसर्गाची एवढी ओढ असलेल्यांना त्या निसर्गात आधीच राहणाऱ्या मांजराची आठवण कशी होत नाही? आणि ज्या घरात पिशवीतले कोरडे खाद्य, पशुवैद्याची लस आणि हजारो रुपये मोजून आणलेले चपट्या नाकाचे, लांब केसांचे पर्शियन मांजर आहे, त्या घराने निसर्गाच्या नावाने दार उघडे टाकणे हा तर निव्वळ विनोद आहे.

मांजराला बाहेर सोडावे असे म्हणणारा माणूस ‘बाहेर’ म्हणजे नेमके काय, हे कधी सांगत नाही. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेल्या परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या शहरात घरांना घरे लागलेली आणि गच्च्यांना गच्च्या भिडलेल्या होत्या, रस्त्यावर बैलगाड्या होत्या, आणि प्रत्येक हवेलीला चारी बाजूंनी बंद पण आभाळाला उघडा असा चौक होता. हवेल्यांचा दाखला देणाऱ्यांनी त्या चौकाकडे नीट पाहिलेले दिसत नाही, कारण ऊन, वारा आणि पाऊस घरात यावा पण रस्ता घरात येऊ नये, अशीच ती रचना होती. आजचे जयपूर मानसरोवर, वैशालीनगर, जगतपुरा अशा वस्त्यांत पसरले आहे. तिथे दारासमोरून भरधाव मोटारी जातात, प्रत्येक वळणावर कुत्र्यांची टोळी असते, मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि जानेवारीच्या कडाक्याच्या रात्री ऊब शोधत मोटारीच्या बॉनेटखाली शिरलेले मांजर सकाळी चावी फिरवताच मरते. वाडवडिलांच्या काळी यातले काय होते? त्या काळीसुद्धा मांजरे मरतच होती. फक्त त्यांची गणती कोणी ठेवत नव्हते.

मांजर स्वतःची काळजी घेते, या विश्वासाला जयपुरात एक खास स्थानिक उत्तर आहे. शहराच्या पूर्वेला झालाना आणि आमागढ येथे बिबट्यांची राखीव वने आहेत, आणि पर्यटकांना जीपमधून बिबट्या दाखवणारे हे शहर त्याचा रास्त अभिमानही बाळगते. पण वनाच्या कुंपणाला वस्त्या लागूनच आहेत, आणि झालानातल्या बिबट्यांच्या विष्ठेचे नमुने तपासणाऱ्या अभ्यासकांना त्यांच्या आहारात पाळीव जनावरांचा, त्यातही कुत्र्यांचा, मोठा वाटा आढळला. मांजरांचा हिशेब पाहायचा तर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडे वळावे लागते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतीच्या मुलखात राहणाऱ्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा खाल्लेल्या एकूण मांसात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि त्याखालोखाल घरगुती मांजरांचा १५ टक्के निघाला. गावोगाव मुबलक असलेल्या शेळ्या या क्रमात मांजरांच्याही मागे, ११ टक्क्यांवर होत्या. ‘कुठेतरी निघून गेलेल्या’ मांजरांपैकी काहींचा ठावठिकाणा या आकड्यांत सापडतो. बिबट्याचा यात काहीच दोष नाही. वनालगतच्या वस्तीत रात्री मांजर सोडणारा माणूस बिबट्याला दाराशी येण्याची सवय लावतो, आणि पुढे तोच बिबट्या अंगणात दिसला की वनखात्याला पिंजरा लावण्यासाठी फोनही बहुधा तोच करतो.

पक्ष्यांच्या बाबतीत तर जयपूरचा दुटप्पीपणा अगदी घड्याळ लावून मोजता येतो. मकरसंक्रांतीला हे शहर गच्च्यांवर चढते, आकाश पतंगांनी भरते, आणि मांजाने पंख कापलेले पक्षी शेकड्यांनी खाली येतात. काच आणि रसायने लावलेल्या कृत्रिम धाग्याच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. त्याखेरीज पक्षी घरट्यांतून निघण्याची आणि परतण्याची वेळ राखावी म्हणून संक्रांतीच्या दिवसांत सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी पाच ते सात पतंग उडवण्यास प्रशासन मनाई करते. जखमी पक्ष्यांसाठी शिबिरे भरतात, तिथे स्वयंसेवक दिवस-दिवस राबतात, आणि ते सर्व कौतुकास्पदच आहे. आता मांजराच्या दिनक्रमाकडे पाहावे. मांजर हे पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात शिकार करणारे जनावर आहे. ज्या दोन वेळा पतंगांपासून पक्ष्यांना मोकळ्या मिळाव्यात म्हणून शहर आदेश काढते, नेमक्या त्याच दोन वेळा त्या शहरातला गृहस्थ गच्चीचे दार उघडून मांजराला बाहेर काढतो. मांजाची बंदी वर्षातले काही दिवस गाजते. मांजर वर्षभर, रोज दोनदा बाहेर पडते, आणि पंख तुटून गच्चीवर पडलेला जायबंदी होला त्याला आयताच सापडतो. सकाळी कबुतरांना धान्य टाकून पुण्य जोडायचे आणि त्याच कबुतरांवर दबा धरायला मांजर सोडायचे, या व्यवहाराला भूतदया म्हणण्याचे धाडस जयपूरकरांनाच साधावे.

यावर सृष्टीच्या नियमाचे उत्तर ठरलेले असते. पण सृष्टीचा तो नियम शिकाऱ्यालाही लागू असतो. शिक्रा पक्षी मारतो, आणि भक्ष्य कमी झाले की शिक्र्यांची संख्याही घटते. पाळीव मांजराचे तसे होत नाही, कारण परिसरातला शेवटचा बुलबुल संपला तरी त्याची वाटी भरलेलीच असते. माणसाने पोसलेल्या अशा शिकाऱ्याचा भार किती पडतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसून आले. सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस यंत्रे बांधून केलेल्या या पाहणीत बहुतेक मांजरे घरापासून शंभरेक मीटरच्या आतच वावरतात असे आढळले, आणि एवढ्याशा टापूत सगळी शिकार एकवटल्याने तिथल्या लहान प्राण्यांवर पडणारा त्यांचा ताण तेवढ्याच आकाराच्या रानटी शिकाऱ्याच्या कितीतरी पट निघाला. ‘आमचे मांजर लांब कुठे जातच नाही’ हे वाक्य म्हणजे बचाव नसून कबुलीजबाब आहे. ज्या बागेत ते जाते त्या बागेतली खार, शिंजीर आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणारी टिटवी यांच्या वाट्याला ते सगळेच्या सगळे येते.

अमेरिकेतली मांजरे दरवर्षी किमान १३० कोटी पक्षी मारतात, हा २०१३ सालचा अंदाज प्रसिद्ध आहे, आणि त्यातली बहुतेक हत्या मालक नसलेल्या मांजरांकडून होते असे तोच अभ्यास सांगतो, हेही बाहेर सोडणारे मोठ्या हौसेने दाखवून देतात. ठीक आहे, पण ही मालक नसलेली मांजरे कुठून येतात? मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की वयात येते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. नसबंदी न केलेला बोका सोडणारा ‘आमचा तर नर आहे’ म्हणून निश्चिंत असतो, मांजरीचा मालक पिल्ले देवळाच्या किंवा दुधाच्या बूथच्या दारात ठेवून येतो, आणि पुढल्या वर्षी हेच दोघे वस्तीतल्या भटक्या मांजरांच्या सुळसुळाटाबद्दल तक्रार करतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने उपासमार ओढवेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. मात्र पिल्लांच्या बाबतीत त्याची आठवण क्वचितच कोणाला होते.

गळ्यात घंटा बांधण्याचा उपायही सुचवला जातो. ती कोणी बांधायची हा जुना प्रश्न सोडून दिला, तरी ती बांधून काय होते हा नवा प्रश्न उरतोच. इंग्लंडमधल्या एक्सटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे तपासले, तेव्हा मांजरे घरी आणत असलेल्या शिकारीत घंटेमुळे लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो दोन घरगुती गोष्टींनी: भरपूर मांस असलेल्या आहाराने शिकार ३६ टक्क्यांनी आणि मालकाने रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळण्याने २५ टक्क्यांनी घटली. म्हणजे ज्याला शिकारीची अनावर ओढ म्हटले जाते, तिचा बराचसा भाग वाटीतल्या निकृष्ट अन्नाचा आणि घरातल्या कंटाळ्याचा असतो, आणि त्यावर इलाजही घरातच आहे.

उंदरांचे प्रकरण थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचरा-पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून मांजरे आणि घुशी यांच्यावर पाळत ठेवली. तेवढ्या काळात मांजरांनी दोन घुशी मारल्या. घुशी अधिक लपूनछपून वावरू लागल्या एवढेच झाले. मूठभर धान्य आणि उघडा कचरा असेपर्यंत मांजराच्या भरवशावर घुशी जात नाहीत, म्हणून तर वस्तीतले लोक औषध घालतात. आणि ते औषध खाल्लेला झिंगलेला उंदीर सहज हाती लागतो तो मांजराच्याच. विष खाल्लेल्या भक्ष्यातून शिकाऱ्याला होणाऱ्या या दुय्यम विषबाधेने मरणारे मांजर वस्तीवर कोणता उपकार करून जाते, ते उपकारवाद्यांनीच सांगावे.

इंग्रजांचा दाखला तर देणाऱ्यावरच उलटतो. इंग्लंडात मांजरे बाहेर सोडतात हे खरे आहे. पण तिथे बिबट्या नाही, गल्लोगल्ली कुत्र्यांच्या टोळ्या नाहीत, आणि रेबीजचे तिथून १९२२ मध्येच उच्चाटन झाले. जयपुरात मोकाट मांजराचा एक ओरखडा झाला, तरी माणसाला कुत्र्याच्या चाव्याइतकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. शिवाय इंग्लंडातल्या पशुवैद्यांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात मांजरांच्या मृत्यूचे सर्वाधिक आढळलेले कारण कोणते निघाले? अपघाती इजा, १२.२ टक्के, आणि त्यात वाहनाखाली सापडणे प्रमुख. जगाचेच अनुकरण करायचे तर ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेराही जगातच आहे, आणि तिथे १ जुलै २०२२ नंतर जन्मलेले प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटी उरतो तो तुरुंगाचा आरोप, आणि तोच सर्वांत भावूक असल्याने सर्वांत परिणामकारकही ठरतो. घरात ठेवलेले मांजर म्हणजे हवामहलाच्या झरोक्याआडून रस्ता पाहणारी राणी, अशी उपमा जयपुरात न सुचली तरच नवल. सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये उभारलेल्या त्या झरोक्यांमागे ज्यांना बसवले जाई, ती विचार करणारी, निर्णय घेऊ शकणारी माणसे होती, आणि त्यांचा पडदा हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता. मांजराला मोटारीचा वेग, विषारी उंदीर किंवा दबा धरलेला बिबट्या यांचा हिशेब करून जोखीम पत्करता येत नाही. ती जोखीम त्याच्या वतीने मालकच पत्करतो आणि तिची किंमत मात्र मांजर देते. रांगत्या मुलाला रस्त्यावर सोडून त्याला स्वातंत्र्य म्हणणाऱ्या बापाला समाज काय म्हणेल? पाळलेला कुत्रा दोरीशिवाय सोडला तर सोसायटीत सभा बोलावली जाते. मग मांजराच्या बाबतीत तेच वागणे अचानक उदात्त कसे ठरते?

नुसते दार लावून घेतले म्हणजे झाले असे नाही, एवढे मात्र मान्य करावे लागेल. करमणूक नसलेले, एका खोलीत पडून राहणारे मांजर लठ्ठ होते, त्याला मूत्रमार्गाचे विकार जडतात, ते पडदे फाडते. परंतु यातून निष्पन्न होते ते मालकाचे आळशीपण, मांजराचा भटका स्वभाव नव्हे. त्याला चढायला उंच फळ्या, नखे घासायला सुतळी गुंडाळलेला खांब, लपायला खोके, स्वच्छ वाळूचे भांडे आणि रोज थोडा खेळ लागतो. यातली एकही वस्तू जोहरी बाजारातून आणावी लागत नाही. जाळीचे म्हणाल, तर जयपुरातल्या असंख्य गॅलऱ्यांना कबुतरे आत येऊ नयेत म्हणून नायलॉनची जाळी आधीच लावलेली आहे. कबुतराच्या विष्ठेपासून गॅलरी वाचवण्यासाठी जो खर्च विनातक्रार होतो, तोच मांजराचा जीव वाचवण्यासाठी करायची वेळ आली की क्रूरता कसा ठरतो? गच्ची असेल तर तिच्या एका कोपऱ्यावर वरून-बाजूंनी जाळी घालून ऊन-वारा घेता येईल असा आडोसा करता येतो, आणि तो हवेलीच्या चौकाचाच लहान अवतार असतो. रस्त्यावरच जन्मलेल्या आणि वाढलेल्या मोठ्या मांजराला पकडून फ्लॅटमध्ये डांबावे असे इथे कोणी म्हणत नाही. त्यांच्यासाठी नसबंदी आणि लसीकरण हाच मार्ग आहे. पाळलेल्या, विशेषतः पिल्लूपणापासून घरात आणलेल्या मांजराला मात्र ती सबब लागू होत नाही.

जयपूरला हे जमणार नाही असे म्हणायला जागाही नाही. भटक्या कुत्र्यांचे काहीच होऊ शकत नाही असे देश म्हणत असताना, १९८० मध्ये क्रिस्टल रॉजर्स यांनी स्थापन केलेल्या ‘हेल्प इन सफरिंग’ या इथल्याच संस्थेने १९९४ ते २००२ या काळात सुमारे २५,००० कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण केले, मोहीम राबवलेल्या भागातली कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, आणि माणसांतले रेबीजचे रुग्ण तिथे शून्यावर आले. एका शहराने रस्त्यावरच्या हजारो कुत्र्यांची जबाबदारी उचलून दाखवली, त्याच शहरातल्या एका कुटुंबाला स्वतःच्या एका मांजराची उचलता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही. नसबंदी, लस आणि गॅलरीची जाळी या तीन गोष्टी ज्याला करता येतील त्याने मांजर घरात पाळावे. ज्याला करता येणार नाहीत, त्याने मांजर पाळू नये.